पाव टाकीच्या खाली

[दृश्य: जुनी छोटी पेट्रोल मोटार, कडुनिंबाच्या सावलीत. मागची सीट उचललेली. आतल्या पत्र्यावर धूळ.]

निवेदन :

मोटारीची मागची सीट उचलली की मालकाची ओळख पटते. इथे शेंगदाण्याची टरफलं आहेत, रुपयाची दोन नाणी आहेत, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आहे. आणि मधोमध, चार स्क्रूंनी बसवलेली एक गोल चकती. तिच्याखाली पेट्रोलची टाकी.

आपण पारोळ्याच्या अलीकडे आहोत. सुरत, धुळे, जळगाव, नागपूर असा जाणारा हा हमरस्ता. कागदोपत्री तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ झाला, पण जुने ड्रायव्हर अजून त्याला 'सहा नंबर'च म्हणतात. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, शेडपुढे हा कडुनिंब, आणि त्याखाली मिस्तरी.

गाडी एका निवृत्त गुरुजींची. ऐन मे महिन्यात, दुपारी दोनला, धुळ्याहून परतताना पेट्रोल संपून ती बंद पडली. पंप तीन किलोमीटरवर. बाई गाडीत, गुरुजी उन्हात. एका दूधवाल्याने मोटारसायकलवर बसवून नेलं, म्हणून निभावलं. तेव्हापासून गुरुजींचा पेट्रोलच्या मीटरवर राग आहे.

[दृश्य: गुरुजी बॉनेटवर हात ठेवून उभे.]

"काटा झूट बोलस," ते म्हणतात.

मिस्तरी मान वर न करता उत्तर देतात : "काटा नही झूट बोलस, गुरुजी. त्याले जशी खबर येस, तशी तो सांगस."

गुरुजींना एका गॅरेजात आधीच सांगून झालं होतं की मीटर बदलावा लागेल, अख्खा. मीटर डोळ्यांसमोर असतो, म्हणून संशयही पहिला त्याच्यावरच जातो. पण ही खबर निघते कुठून, आणि काट्यापर्यंत पोचते कशी, ते आधी पाहू.

[दृश्य: टाकीतला गेज, हातात. फ्लोट वर-खाली होताना.]

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो. त्याला एक तार जोडलेली, दांडीसारखी. पेट्रोल कमी झालं की फ्लोट उतरतो, दांडी फिरते, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाची पितळी जीभ एका छोट्या पट्टीवर सरकते. फ्लोट, दांडी आणि पट्टी मिळून हा गेज. पट्टी विजेला अडवते. जीभ एका टोकाला असेल तर थोडं अडवते, दुसऱ्या टोकाला असेल तर जास्त. या गाडीत टाकी भरलेली असताना हा विरोध चार-पाच ओहम, आणि रिकामी असताना शंभराच्या पुढे. सगळ्या गाड्यांचा हिशेब असाच नसतो, काही कंपन्यांत तो नेमका उलटा असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत.

एवढं कळलं की काट्याची भाषाही कळते. या गाडीत तार मध्येच तुटली, तर मीटरला वाटतं विरोध फार आहे, म्हणजे टाकी रिकामी. काटा तळाशी. तीच तार सोलून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर विरोध उरतच नाही. मग टाकीत थेंब नसला तरी काटा फुल्ल. दोन्हीत मीटर निर्दोष.

गुरुजींच्या काट्याचं दुखणं मात्र वेगळं. टाकी अर्धी असली की तो शहाण्यासारखा वागतो. पावावर आला की नाचायला लागतो : खड्डा आला की वर, सपाट रस्ता आला की खाली. आणि थोडं आणखी उतरलं की थेट शून्य. गुरुजींना याची सवय झाली होती. शून्यावर गाडी चालवायची, अंदाजाने. सात लिटर उरले तरी शून्य, अर्धा लिटर उरला तरी शून्य. मे महिन्यातल्या त्या दुपारी अंदाज चुकला, इतकंच.

[दृश्य: मिस्तरी होल्डरमध्ये लहान बल्ब बसवताना. दोन तारा, टोकांना चिमटे.]

मिस्तरींचं पहिलं हत्यार हे. बारा व्होल्टचा, तीन-चार वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन तारा.

चकती काढून गाडी थोडा वेळ तशीच उघडी ठेवली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, खोलगट जागी साचून राहते. म्हणून हे काम शेडमध्ये नाही, झाडाखाली. तंबाखू चालेल, बिडी नाही. बिडीवाले एक आबा मघापासून रस्त्याच्या पलीकडे उभे राहून सल्ले देत आहेत.

टाकी बंदच आहे. फक्त गेजवरचं तारांचं सॉकेट काढलं. चावी लावली. आता सॉकेटमधल्या मीटरकडे जाणाऱ्या तारेला बल्बचं एक टोक आणि गाडीच्या स्वच्छ पत्र्याला दुसरं. तार सरळ पत्र्याला का नाही टेकवायची? काही जण टेकवतात. पण जुन्या मीटरमध्ये एकदम पूर्ण करंट गेला तर आतली नाजूक तार जळू शकते. बल्ब मध्ये असला की तो करंटला आवर घालतो.

[दृश्य: मीटर, अगदी जवळून. काटा तळाशी. काही क्षण निवेदन नाही. मग काटा हलतो.]

बघा. एकदम उडी नाही. झोपेतून उठल्यासारखा चढतो. या मीटरमध्ये काट्यामागे दोन धातूंची एकत्र केलेली पट्टी आहे आणि तिच्याभोवती बारीक तार. तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. हा संथपणा कामाचा असतो. नाहीतर प्रत्येक वळणावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळलं की काटाही हिंदकळला असता.

काटा चढला. म्हणजे मीटर चांगला, मीटरपर्यंतची तार चांगली. अर्ध्या मिनिटात आणि एका बल्बमध्ये नव्या मीटरचा खर्च वाचला.

चढलाच नसता तर हीच तपासणी मीटरच्या मागे करावी लागली असती. तिथे काटा हलला तर मधली तार तुटलेली, नाही हलला तर मीटर, किंवा मीटरला येणारी वीज. आणि पेट्रोलबरोबर तापमानाचा काटाही वेड्यासारखा वागत असेल, तर दोघांचा सामाईक दोष शोधायचा. पुष्कळ जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना ठरावीक दाबाची वीज देणारी एकच छोटी डबी असते. ती बिघडली की दोघेही बिघडतात.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. हा बल्बचा प्रयोग जुन्या गाड्यांचा. नव्या गाड्यांत टाकीची खबर आधी कॉम्प्युटरकडे जाते, तो सरासरी काढतो, मग काटा हलवतो. तिथे स्कॅनर लावून आकडा वाचायचा, बल्ब लावायचा नाही.

[दृश्य: एक काळी तार, टोकाला गंजलेला बोल्ट.]

आता अर्थिंग. विजेला जायला जशी वाट लागते तशी परत यायलाही लागते, आणि ती वाट म्हणजे हा बोल्ट. मिस्तरी सॉकेट परत लावून, एक जादा तार घेऊन गेजचं अंग थेट स्वच्छ पत्र्याला जोडतात. काटा थोडा वर सरकतो. म्हणजे बोल्टचा गंजही आपल्या पदरचा विरोध मिसळत होता आणि गाडी आहे त्यापेक्षा कमी पेट्रोल दाखवत होती.

मिस्तरी पॉलिशपेपरने बोल्ट घासता घासता एका जीपची गोष्ट सांगतात. तिचा पेट्रोलचा नाही, डिझेलचा काटा इंडिकेटरच्या तालावर नाचायचा. टिक, खाली. टिक, वर. मालक म्हणे, गाडीला कुणाची तरी नजर लागली. निघालं काय, तर मागच्या लाइटची आणि गेजची अर्थिंग एकाच गंजलेल्या स्क्रूवर. तुमचा काटा ब्रेक दाबल्यावर किंवा हेडलाइट लावल्यावर हलत असेल, तर टाकी उघडण्याआधी हा स्क्रू शोधा.

बोल्ट घासला, घट्ट केला. नाच थांबला नाही. गेज बाहेर काढावाच लागणार.

[दृश्य: बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सुटताना. लाकडी ठोकळा आणि हातोडी.]

आधी बॅटरी सुटते. मग गेज घट्ट धरून ठेवणारी कडी लाकडी ठोकळ्याने हळूहळू फिरवायची. लोखंडावर लोखंड आपटून इथे ठिणगी पाडायची नाही. ही गाडी कार्बोरेटरची, म्हणून टाकीत नुसता गेज आहे. पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीत त्याच जागी बहुधा पंपही असतो आणि लाइनमधलं प्रेशर आधी उतरवावं लागतं. तो पंप पेट्रोलनेच थंड राहतो. टाकी कोरडी पाडून गाडी ओढण्याची सवय असेल, तर काट्याच्या दुरुस्तीपेक्षा पंपाचा खर्च मोठा येतो. डिझेलवाल्यांचं वेगळंच. रावेरहून केळी भरून निघालेली पिकअप टाकी संपून थांबली, तर डिझेल आणून भागत नाही. लाइनमध्ये हवा शिरते, ती काढत बसावं लागतं, आणि केळी तोवर उन्हात.

गेज बाहेर आला. मिस्तरी फ्लोट कानाशी धरून हलवतात, नारळ घेताना हलवतो तसा. आत पेट्रोल शिरलं असेल तर खळखळ ऐकू येते आणि असा फ्लोट बुडूनच राहतो. हा कोरडा आहे.

मग मल्टिमीटर, विरोध मोजणारा. डिजिटल पलीकडे पडलाय, हातात घेतला तो जुना, काट्याचा. डिजिटलचे आकडे पळतात, त्यात क्षणभराचा खंड दिसून येत नाही. काट्याचा झटका डोळ्यांना लगेच दिसतो.

[दृश्य: फ्लोटची दांडी वरून खाली, अगदी सावकाश. मल्टिमीटरचा काटा बाजूला.]

वर, फुल्ल. ठीक. पाऊण, ठीक. अर्धी, ठीक. पाव...

झटका. पुन्हा झटका. आणि मग काहीच नाही.

[दृश्य: विरोधाची पट्टी, भिंगातून.]

इथे कॅमेरा थांबवतोय. ही पट्टी नखाएवढी रुंद. वरचा पाऊण भाग बघा, रेघा जवळजवळ नव्यासारख्या. खालचा पाव भाग बघा. रेघा घासून पुसट झाल्यात, मध्ये एक चर पडलाय. जीभ त्या चरात टेकतच नाही.

असं का? मिस्तरी गुरुजींना विचारतात, "पेट्रोल कितीचं टाकतात?"

"पाचशेचं."

"कधीपासून?"

गुरुजी हसतात. गाडी घेतली तेव्हा दोनशेचं टाकत होते. मग तीनशेचं. पेट्रोल शंभरापुढे गेल्यापासून पाचशेत पाच लिटरही येत नाही. टाकी अंदाजे तीस लिटरची, ती फुल्ल केल्याचं गुरुजींना एकदाच आठवतं, लेकीच्या लग्नाच्या वेळी. म्हणजे एवढी वर्षं ही जीभ याच पाव भागात मागे-पुढे होत राहिली, खड्ड्यांच्या रस्त्यांवर, दिवसातून शेकडो वेळा. वरचा पाऊण भाग तिने क्वचितच पाहिला. टाकीचा नव्हे, हा पगाराचा आणि पेन्शनचा नकाशा आहे.

दुरुस्ती साधी निघाली. मिस्तरींनी बारीक पक्कडीने जिभेची टोकं केसभर बाजूला वाकवली. आता ती जुन्या चरातून नाही, शेजारच्या कोऱ्या रेघांवरून धावेल. पट्टी तीच, म्हणून मापही तेच. "चाली जाई," ते म्हणतात, "पण नवा गेज सांगी ठेवा." पुन्हा मल्टिमीटर, पुन्हा वरून खाली. एकही झटका नाही.

नवी रबरी रिंग घालून कडी बसली, बॅटरी जोडली. मग पाच लिटरचा कॅन. एक कॅन ओतायचा, थांबायचं, काटा स्थिर झाला की गुरुजींनी वहीत लिहायचं. शिक्षक माणूस, त्यांनी रकाने आखूनच आणलेत. पहिले पाच : काटा पाव रेघेच्या थोडा खाली. पुढचे पाच : पाव आणि अर्ध्याच्या मध्ये. वहीत अजून तीन रकाने कोरे आहेत, पण कॅन दोनच होते.

[दृश्य: संध्याकाळ. पेट्रोल पंप. मिस्तरी शेजारच्या सीटवर, खात्री करायला आलेले.]

पंपावरचा मुलगा खिडकीशी येतो. "कितीचं, बाबा?"

गुरुजी मीटरकडे बघतात, वहीकडे बघतात.

"पाचशेनं टाक, भो."