‘अडुसष्ट नंबर द्या’ म्हणण्याआधी: ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकला कोणतं तेल?

नमस्कार मंडळी. आज मामांच्या शेतात उभा आहे, इंदूरजवळ, सांवेरच्या बाजूला. मागे मामांचा ट्रॅक्टर. रोटाव्हेटर पूर्ण वर उचललाय, इंजिन बंद केलंय. शेजारी ही काठी रोवली आहे आणि रोटाव्हेटरची फ्रेम जिथे येते तिथे काठीवर खडूची रेघ मारली आहे. माझं बोलून होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि खाली तर कुणी अजिबात जायचं नाही. शेवटी बघू ती रेघ काय सांगते.

मामांचं म्हणणं असं की लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलून धरणारे हात, आपोआप खाली बसतेय, म्हणजे तेल पातळ झालं, तेव्हा नव्वद नंबर, म्हणजे गिअरचं जाड तेल, घालून टाकू. मी म्हटलं, मामा, आधी व्हिडिओ करू, मग तेल.

आता हे बघा.

(चहाचे दोन काचेचे ग्लास कॅमेऱ्याजवळ)

दोन्हीत तेल आहे. रंग मधासारखा, दोन्हींचा तोच. बोटावर घेतलं तरी सारखंच लागतं. डावीकडचं अडुसष्ट नंबर, पीथमपूरच्या कारखान्यांत प्रेस मशीनला घालतात तसलं. उजवीकडचं ट्रॅक्टरचं. आणि गंमत अशी की दोन्हींची जाडीही जवळजवळ सारखी. ६८ म्हणजे काय? ४० अंश सेल्सिअसला त्या तेलाची जाडी ६८ सेंटिस्टोक, दहा टक्के इकडे-तिकडे. दहा-डब्ल्यू-तीस या जाडीचं ट्रॅक्टर तेल त्याच ४० अंशांना मोजलं तर साधारण त्याच घरात येतं. म्हणून अडुसष्ट घातलं की लिफ्ट झकास चालते, आणि माणूस म्हणतो, बघा, निम्म्या पैशात काम झालं.

फसगत इथेच आहे. प्रेस मशीनमधल्या तेलाला काम एकच, दाब पोचवायचा आणि पंप झिजू द्यायचा नाही. तुमच्या ट्रॅक्टरच्या पोटात मात्र बहुतेक मॉडेलांत एकच टाकी असते. त्याच तेलात गिअर फिरतात, त्यातच डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारे गिअर, त्यातच तेलात बुडालेले ब्रेक, आणि तेच तेल पंप खेचून लिफ्टला देतो. एका घरात चौघांचा स्वयंपाक, प्रत्येकाचं पथ्य वेगळं. गिअरच्या दातांवर भार आला की तेल दाबलं जाऊन बाजूला सरतं, तिथे धातूवर चिकटून राहणारा मसाला लागतो. ब्रेकला उलट पाहिजे: प्लेटा घसरल्याही नाही पाहिजेत आणि झटक्याने चिकटल्याही नाही पाहिजेत. पंपाला वाटतं फेस होऊ नये, थंडीत लवकर वाहावं. हे सगळं सांभाळणाऱ्या तेलाला युटीटीओ म्हणतात, युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल. म्हणजे ‘हायड्रोलिकचं तेल’ असं वेगळं काही आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत नसतंच.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीन निघाल्यावर मामांनी एका दुकानातून ‘हायड्रोलिकचं द्या’ म्हणून बादल्या आणल्या. दुकानदाराने मागितलं ते दिलं, अडुसष्ट. लिफ्ट मस्त. आठवड्याभरात ब्रेक दाबला की किर्रर्र, अख्खा ट्रॅक्टर थरथरायचा. मिस्त्रीने ब्रेक खोलायचं ठरवलं होतं. मी रिकामी बादली पाहिली तेव्हा उलगडा झाला. सगळं तेल काढलं, योग्य घातलं, ब्रेक दोन-तीन दिवसांत गप्प. दोनदा तेलाचे पैसे गेले ते गेलेच, मामी अजून बोलतात.

मग नव्वद नंबर का नाही? इथे एक गैरसमज मोडायचाय. इंजिन तेलाचा आकडा आणि गिअर तेलाचा आकडा एकाच पट्टीवर नसतात. चपलेचा आठ नंबर आणि शर्टाचा चाळीस नंबर, तसं. गिअरचं नव्वद हे जाडीला इंजिनच्या चाळीस-पन्नासच्या आसपास बसतं, दुप्पट जाड नाही. पण लिफ्टच्या पंपासाठी जाडच. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा कधी ६-७ अंशांवर येतो. अशा वेळी नव्वद नंबर गाळणीच्या जाळीतून ओढताना पंप कण्हतो, ऐकलंय ना तो आवाज? तेल पुरेसं येत नाही म्हणून तो हवा-पोकळी चावत असतो.

जुन्या, कोरड्या ब्रेकच्या काही ट्रॅक्टरांना कंपनीनेच नव्वद सांगितलेलं असतं. तिथे खुशाल घाला. पण डब्यावर गिअर तेलाचा वर्ग जीएल-४ आहे की जीएल-५, तेवढं बघा. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचा मसाला जास्त असतो, आणि त्यातली काही तेलं गरम झाली की पितळ-काशाच्या बुशांना खातात. ‘पाच हे चारपेक्षा भारी’ असं इथे नाही.

मग मागायचं काय? मॅन्युअलमध्ये एक कोड दिलेला असतो, तो. जॉन डिअरचा जे-वीस-सी, मॅसीचा एम-अकराशे त्रेचाळीस, फोर्ड-न्यू हॉलंडचा एम-टू-सी-एकशे चौतीस-डी, असे. तो कोड बादलीच्या मागे छापलेला दिसला पाहिजे. ब्रँड कुठला याने मला तरी फरक पडत नाही. मॅन्युअल हरवलं असेल, म्हणजे हरवलंच असणार, तर आपल्या मध्यप्रदेशातच, नर्मदेकाठी बुदनीला, ट्रॅक्टर तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या तपासणी अहवालांत मॉडेलवार तेल आणि किती लिटर ते दिलेलं असतं. मामांचं आम्ही तिथूनच काढलं. दोन अपवाद: पॉवर स्टीअरिंगची टाकी वेगळी असेल तर तिचं तेल वेगळं असू शकतं. आणि ब्रेकची छोटी डबी वेगळी असेल तर तिथे कंपनी सांगेल तेच. ब्रेक फ्लुइड आणि खनिज तेल यांची गल्लत झाली की सील फुगून बसतात.

आता जे कुणी सांगत नाही ते. ट्रॉली.

तुम्ही चांगलं तेल घातलं. शेजारचे काका आले, ‘गहू मंडीत टाकून ये रे, माझी ट्रॉली घेऊन जा.’ पाइप लावला, ट्रॉली उचलली, खाली केली. खाली करताना त्यांच्या ट्रॉली उचलणाऱ्या जॅकमधलं तेल कुठे गेलं? तुमच्या टाकीत. त्यात अडुसष्ट असेल, नव्वद असेल, पाच वर्षांचा गाळ असेल, आणि कपलर, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, मातीत पडलेला असेल तर आपली काळी मातीही. पलटी नांगर भाड्याने आणला तरी हेच. भाईचारा तोडा असं मी म्हणत नाही, कपलर फडक्याने पुसा आणि त्यावर टोपी ठेवा. आमच्याकडे टोपी हरवली तर मामी जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधतात. आणि तेलाची पातळी नेहमी लिफ्ट खाली, ट्रॉलीचा जॅक खाली, ट्रॅक्टर सपाट जागी ठेवून बघायची. नाहीतर तेल जॅकमध्ये गेलेलं असतं, टाकीत कमी दिसतं आणि तुम्ही वरून ओतता.

पातळी बघायच्या काडीवर तेल ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. ट्रॅक्टर धुताना प्रेशरचा फवारा ब्रीदरवर, म्हणजे टाकीच्या हवेच्या तोंडावर, मारला की हमखास. शंका असेल तर पत्र्याचा तुकडा तापवून त्यावर एकच थेंब टाका, तोंड लांब ठेवून. चर्रर्र झालं की पाणी आहे. सगळं तेल काढा, जाळी डिझेलमध्ये धुवा, कागदी फिल्टर असेल तर नवाच. पाणी नसेल तर मॅन्युअलमधल्या तासांनी बदला, बऱ्याच ट्रॅक्टरांना ते १००० तासांच्या आसपास असतं.

बरं, काठीकडे येऊ.

बुदनीलाही लिफ्टवर भार ठेवून अर्धा तास, दर पाच मिनिटांनी, किती खाली आली ते मोजतात. आपली ही गावठी आवृत्ती. साधारण वीस मिनिटं झाली असतील. कॅमेरा जवळ आणा. रेघ इथे, फ्रेम इथे. चार बोटं. मामा, तुम्हीच बघा. तेल मागच्याच महिन्यात बदललंय, कोड बरोबर आहे, जाळी साफ आहे. मग तेल पातळ नाही, सिलिंडरमधली रिंग नाहीतर व्हॉल्व्ह आतून सोडतोय. नव्वद नंबर घातलं असतं तर चारऐवजी तीन बोटं बसली असती आणि ब्रेक परत रडले असते.

मामा काही बोलत नाहीयेत. मिस्त्रीला फोन लावतायत.