नाव दिसतंय, पण सापडत नाही

[लॅपटॉपचा स्क्रीन. मतदार यादीचं एक पान.]

हे पान बघा. एका पानावर तीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एक माणूस. नाव, वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि वर एपिक नंबर, म्हणजे आपल्या वोटर कार्डवर असतो तोच. फोटोच्या जागी नुसतं लिहिलंय, छायाचित्र उपलब्ध. ही यादी सरकारी वेबसाइटवरून कुणीही डाउनलोड करू शकतं, कॅप्चा टाकायचा की झालं.

या पानावर माझ्या आईचं नाव आहे, उजवीकडच्या रांगेत खालून तिसरं, डोळ्यांना स्वच्छ दिसतंय. आता मी फाइंडमध्ये तिचं नाव टाइप करते, एंटर मारते... शून्य. परत टाकते, नुसतं आडनाव... शून्य. कारण हे पान म्हणजे अक्षरं नाहीतच, तो अक्षरांचा फोटो आहे. आणि हे चुकून झालेलं नाही, मुद्दाम असं ठेवलंय, यावर थेट सुप्रीम कोर्टात भांडण होऊन गेलंय.

२०१८ ची गोष्ट. मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या निवडणुका तोंडावर होत्या. काँग्रेसचे कमलनाथ आणि सचिन पायलट कोर्टात गेले, म्हणाले याद्यांमध्ये दुबार नावं आहेत, ती शोधायची तर आम्हाला कॉम्प्युटरला वाचता येईल अशी यादी द्या. निवडणूक आयोग म्हणाला, तशी दिली तर मतदारांच्या माहितीचा गैरवापर होईल, म्हणून इमेज पीडीएफच देणार. १२ ऑक्टोबर २०१८ ला न्यायमूर्ती सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांनी निकाल दिला आणि आयोगाचं म्हणणं मान्य केलं. कोर्टाचं म्हणणं असं, आयोगाच्या नियमपुस्तिकेत यादी टेक्स्ट मोडमध्ये टाका असं लिहिलंय, सर्च करता येईल अशी टाका असं कुठे लिहिलंय? हवी असेल तर तुम्ही तुमच्या मेहनतीने तशी करून घ्या.

'तुमच्या मेहनतीने' हे नीट लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

[जुने काळेपांढरे फोटो, मतदानाच्या रांगा.]

त्याआधी थोडं मागे जाऊ, कारण यादीत नाव छापायचं की नाही हा प्रश्न आपल्याकडे पहिल्या निवडणुकीपासून आहे. १९५१-५२ ला सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते, सुमारे १७ कोटी ३० लाख लोकांची यादी करायची होती, आणि उत्तरेत लाखो बायका आपलं नावच सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. परक्या माणसाला नाव कसं सांगायचं! सेन यांनी ठरवलं की स्वतःच्या नावाशिवाय नोंद नाही, आणि जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. त्या बायकांचं ऐकायला हवं होतं की सेन बरोबर होते, मला विचाराल तर सेन बरोबर होते, कारण नाव नाही तर माणूस खरा की खोटा हे शेजारीसुद्धा सांगू शकत नाही. यादी उघडी ठेवायची तीच मुळात त्यासाठी. प्रारूप यादी, म्हणजे कच्ची यादी, लावतात, लोक वाचतात, कोण मेलंय, कोण गाव सोडून गेलंय, कोण कधी इथं राहतच नव्हतं हे गल्लीला माहीत असतं, मग हरकती येतात.

पण याच उघड्या यादीने माणसं मारलीसुद्धा गेलीयेत. १९८४ ला दिल्लीत शीख कुटुंबांची घरं शोधायला जमावाच्या हातात मतदार याद्या होत्या असं कितीतरी साक्षीदारांनी सांगितलंय. नाव आणि घर क्रमांक एका ओळीत, अजून काय लागतं? म्हणून कुणी म्हणालं की प्रायव्हसी वगैरे बहाणा आहे, तर ते मला पटत नाही. धोका खरा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू, आणि ते वाटतं त्यापेक्षा बरंच मोकळं आहे. मतदार नोंदणी नियम १९६०. यादी अंतिम झाली की मान्यताप्राप्त पक्षांना दोन प्रती फुकट. आणि नियम ३३, जो मला हे काम करेपर्यंत माहीतच नव्हता. कुठल्याही माणसाला नोंदणी कार्यालयातले कागद बघायचा आणि फी भरून त्यांची प्रमाणित प्रत घ्यायचा हक्क आहे, नुसती यादी नाही, दावे आणि हरकतींचे कागदसुद्धा. म्हणजे तुमचं नाव उडवा म्हणून फॉर्म ७ कुणी भरला हे बघायचा रस्ता नियमातच आहे.

बंद काय आहे? मतदानाच्या दिवशी केंद्रावर जी यादी असते, जिच्यात कोण आलं त्याच्या नावावर खूण करतात, ती चिन्हांकित यादी. ती मतदानानंतर सीलबंद होते, आणि निवडणूक संचालन नियम १९६१ च्या नियम ९३ प्रमाणे कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. सह्यांचं रजिस्टर, १७ अ, तेही तसंच. म्हणजे तुम्ही मतदार आहात हे जगाला कळू शकतं, तुम्ही मत द्यायला गेलात की नाही हे नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत हे सुद्धा मागून मिळतं. आपली रेघ मला जास्त शहाणपणाची वाटते.

डिसेंबर २०२४ ला याच नियम ९३ मध्ये दुरुस्ती झाली, नियमात नाव घेऊन सांगितलेले कागदच लोकांना बघता येतील, आणि सीसीटीव्ही फुटेज बाहेर राहिलं. त्यावरून पुढे खूप रान पेटलं, तो वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे.

[बूथबाहेर टेबल. कार्यकर्त्याच्या हातात मोबाइल, शेजारी छोटा प्रिंटर.]

आता परत 'तुमच्या मेहनतीने' कडे. हे दृश्य आपल्या प्रत्येकाने पाहिलंय. बूथपासून थोडं लांब टेबल, त्यावर कार्यकर्ता, तुम्ही आडनाव सांगता, तो मोबाइलच्या ॲपमध्ये दोन अक्षरं टाइप करतो आणि तुमचं सगळं घर समोर येतं, भाग क्रमांक, अनुक्रमांक, खोली नंबर, आणि लगेच ब्लूटूथच्या प्रिंटरमधून स्लिप बाहेर, वर उमेदवाराचा फोटो. मग फाइंड तिथे कसं चालतं? कारण यादीच्या फोटोवरून परत अक्षरं काढून देणारे लोक आहेत, ते पैसे घेतात, आणि ज्याच्याकडे पैसे आहेत तो घेतो. काही ॲपमध्ये तर मोबाइल नंबर आणि जातसुद्धा भरायला रकाना असतो, जे यादीत कधीच नव्हतं. ते कुणी आणलं, कुणाला विचारून आणलं? २०२२ ला बंगळुरूत तर एका खासगी संस्थेची माणसं बीएलओचं, म्हणजे बूथची यादी सांभाळणाऱ्या सरकारी माणसाचं, ओळखपत्र गळ्यात घालून घरोघरी माहिती गोळा करत फिरत होती असा आरोप झाला, अटका झाल्या.

म्हणजे फोटोवाल्या यादीने अडवलं कुणाला? ज्याला धंदा करायचाय तो पैसे टाकून पुढे गेला, आणि जी बाई घरी बसून आपल्या वॉर्डातली दुबार नावं शोधायला बघतेय ती शून्यावर अडकली. मला या सगळ्यात हे सगळ्यात जास्त लागतं. ऑगस्ट २०२५ ला राहुल गांधींनी बंगळुरूतल्या महादेवपुराच्या यादीत खोटी आणि दुबार नावं आहेत असे आरोप केले, तेव्हा कागदाचे गठ्ठे दाखवले, ते हाताने तपासायला सहा महिने लागले म्हणाले. आयोगाने आरोप फेटाळले. खरं काय ते बाजूला ठेवू, पण तपासायला एका मोठ्या पक्षाला सहा महिने लागत असतील तर तुम्हाला मला किती लागतील?

डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा तरी वाचवेल असं मला वाटलं होतं. त्यात कलम ३ आहे, जी माहिती कायद्यानेच जाहीर करावी लागते तिला हा कायदा लागूच होत नाही. मतदार यादी नेमकी तशीच माहिती.

ब्रिटनने वेगळा रस्ता काढला. २००१ ला एका माणसाने कोर्टात तक्रार केली की माझं नाव यादीतून कंपन्यांना विकलं जातंय, तो जिंकला, आणि मग तिथे दोन याद्या झाल्या, एक पूर्ण, एक खुली. खुल्या यादीत नाव नको असेल तर फॉर्मवर टिक करायची. आपल्याकडून तिकडे नोकरीला गेलेली पोरं कॉमनवेल्थची नागरिक म्हणून तिथे मतदार होतात, त्यांनी ही टिक पाहिलेली असते. शिवाय जिवाला धोका असेल तर तिथे नाव न छापता नोंदणी होते. आपल्याकडे नवऱ्याच्या मारहाणीतून पळून आलेल्या बाईने नवीन पत्त्यावर नोंदणी केली, तर तिचं नाव आणि घर क्रमांक वेबसाइटवर. तिच्यासाठी आपल्याकडे नवीन नोंदणीचा फॉर्म ६ च आहे, बाकी सगळ्यांसारखा. ही गोष्ट कुणी बोलतसुद्धा नाही.

आणि तरी मधला रस्ता आपल्याकडे सापडलाय. बिहारमध्ये २०२५ च्या फेरतपासणीत सुमारे ६५ लाख नावं प्रारूप यादीत आली नाहीत. १४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ही नावं वेबसाइटवर टाका, प्रत्येकापुढे कारण लिहा, मयत, स्थलांतरित, दुबार जे असेल ते, एपिक नंबरने शोधता आलं पाहिजे, आणि गावातल्या ऑफिसबाहेरसुद्धा लावा. माझं म्हणणं एवढंच की हे दरवेळी, दर राज्यात, न मागता व्हायला हवं. पूर्ण यादी गल्लीत, शेजाऱ्यांसमोर. इंटरनेटवर शोधता येणारी यादी द्या, पण त्यातून घर क्रमांक आणि वय काढून. दुबार नाव पकडायला गल्लीतलं घर जगाला कळायची गरज नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने पालिका निवडणुकांच्या याद्यांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन स्टार लावलेच की, म्हणजे मनात आणलं तर होतं.

[तहसील ऑफिसची खिडकी. आईचा हात, यादीवर बोट.]

आईचं नाव दोनदा निघालं. एकदा इथे, एकदा माहेरच्या गावात, लग्नाआधीच्या आडनावाने, तिचं लग्न होऊन बत्तीस वर्षं झाली. मी नाही शोधलं, तिने शोधलं, तिकडच्या भाच्याला फोन करून, तो ग्रामपंचायतीत लावलेली यादी बोटाने वाचत गेला. फॉर्म ७ तिनेच भरला. खिडकीवरच्या साहेबांकडे आम्ही तिकडच्या हरकतींचे कागद बघायला मागितले तर म्हणाले असं काही देता येत नाही. मी परत घरी आले, साध्या कागदावर अर्ज लिहिला, वर विषयात लिहिलं, मतदार नोंदणी नियम १९६०, नियम ३३ प्रमाणे. पोच घेतलीय, शिक्का मारून.