भुताचा डोळा वाकडाच राहू दे

(कागदाची घडी, अगदी जवळून)

काळ्या कागदाची मधोमध घडी. घडीला लागून खडूने काढलेलं अर्धं वटवाघूळ: अर्धं डोकं, एक कान, एक पंख. कापणारी मुलगी साडेचार वर्षांची आहे. सरळ रेघेवर कातर नीट चालते, पण पंखाचा कंगोरा आला की हात अडतो. मग ती स्वतःच वळते, खुर्चीसकट. वळवायचा असतो तो कागद, हे तिला अजून उमगायचंय. शेजारी बसलेल्या आजी मदतीला हात पुढे करतात आणि मागे घेतात.

(कातरीचा आवाज. निवेदन थांबते.)

घडी उघडली. दोन कान, दोन पंख. अर्धंच कापलं होतं, बाकीचं कुठून आलं, म्हणून ती कागद उलटा करून पाहतेय.

न्यू जर्सीतलं हे एक सार्वजनिक वाचनालय, ऑक्टोबरातली शनिवारची सकाळ. ३१ ऑक्टोबरला हॅलोविन आहे, भुताखेतांच्या सोंगांचा आणि चेहरा कोरलेल्या भोपळ्यांचा सण. मुलांच्या खोलीत टेबलं जोडून त्यांवर काळा, नारिंगी आणि पांढरा कागद, ग्लू स्टिक आणि बोथट टोकाच्या कातऱ्या मांडल्या आहेत. मुलं सगळीकडची आहेत. एका टेबलावर मराठी ऐकू येतंय: ‘अगं, रेघेवरून काप, रेघेवरून.’ २०२४ साली नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती, त्यामुळे इथल्या मराठी घरांत त्या वर्षी आकाशकंदील आणि भोपळा बरोबरच बाहेर निघाले. कातरकाम आणि चिकटकाम दोन्हींना लागतंच.

(नारिंगी पट्ट्या)

आता भोपळा. एक इंच रुंद, बारा इंच लांब अशा चार पट्ट्या. एकीवर एक तिरप्या ठेवून मधोमध चिकटवल्या की आठ टोकांची चांदणी तयार होते. एकेक टोक वर उचलायचं आणि सगळी टोकं माथ्यावर एकत्र चिकटवायची. कंदिलाच्या पट्ट्या ज्यांनी लहानपणी चिकटवल्या आहेत, त्यांची बोटं हे काम न सांगता करतील. घाई करू नका. प्रत्येक टोक दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं. मोजायचं काम मुलांकडेच द्या, ती मोठ्याने मोजतात आणि तेवढा वेळ बोट हलत नाही. स्टेपलरने काम लवकर होतं, पण पिनेची टोकं बोटांना लागतात.

वर हिरवा देठ, झाला भोपळा. एका बाजूला कलला असेल तर कलू द्या.

हा चेहऱ्याचा भोपळा मुळात भोपळा नव्हताच. हॅलोविन म्हणजे सुगी संपून हिवाळा लागताना येणारा, आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा जुना सण. पुढे तो १ नोव्हेंबरच्या ऑल सेंट्स डेची, म्हणजे ख्रिस्ती संतांच्या दिवसाची, आदली संध्याकाळ म्हणून पाळला जाऊ लागला. तिकडे सलगम पोखरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसं अमेरिकेत आली, त्यांना इथे मोठा, पोखरायला सोपा भोपळा मिळाला.

(जुन्या पुस्तिकेची पानं, क्रेप कागदाच्या झालरी)

आणि कागद? पडद्यावरच्या या पानांकडे बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमची डेनिसन कंपनी दागिन्यांच्या कागदी डब्यांपासून सुरू झाली होती. १९०९ मध्ये तिने हॅलोविनच्या सजावटीची पुस्तिका काढली. क्रेप कागदाची, म्हणजे बारीक चुण्यांच्या पातळ कागदाची, झालर कशी कापायची, टेबल कसं सजवायचं, पोशाख कसा बेतायचा, सगळं चित्रांसकट. कागद खपावा हाच हेतू, पण त्या पानांनी घरोघरी कातर बाहेर काढायला लावली. त्या काळी क्रेपचे कपडे आणि मेणबत्त्या एकाच खोलीत असत, त्यातून आगी लागत. आज कागदी कंदिलात बॅटरीचा दिवाच ठेवा.

(फाटणाऱ्या कागदाचा आवाज)

या सकाळी आमचा कॅमेरा सर्वांत जास्त वेळ थांबला तो इथे, तीन वर्षांच्या मुलांच्या टेबलाशी. इथे कातर नाहीच. इथे ममी बनतेय, इजिप्तची, पट्ट्यांत गुंडाळलेली. काळ्या कार्डपेपरचा माणूस आधीच कापून ठेवलाय, त्यावर पांढऱ्या कागदाच्या फाडलेल्या पट्ट्या चिकटवायच्या.

हा मुलगा बघा. दोन्ही मुठींत कागद धरून त्याने जोर लावला, कागद तसूभरही फाटला नाही. वाचनालयाच्या बाईंनी कडेला एक छोटा काप दिला, बस्. आता कापाच्या दोन्ही बाजूंना अंगठा आणि तर्जनीची चिमटी. एक हात स्वतःकडे, दुसरा पुढे. टर्र. पुन्हा चिमटी सरकवायची, पुन्हा टर्र. पुढे पेन्सिल धरताना याच बोटांची हीच पकड कामी येते. म्हणून फाडणं हे कापण्याच्या आधीचं शिक्षण आहे, आणि आपल्याकडे ते ‘कागद फाडू नकोस’ म्हणून थांबवलं जातं.

कागदालाही त्याची दिशा असते. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बरेचसे तंतू एका दिशेला झुकतात. त्या दिशेने फाडला तर पट्टी बरीचशी सरळ निघते, आडवा फाडला तर वेडीवाकडी. घरी वर्तमानपत्राचं पान दोन्हीकडून फाडून बघा. ममीला वेडीवाकडीच पट्टी शोभते, तेव्हा इथे काही चुकतच नाही.

डोळ्यांसाठी बाजारात हलणारी प्लॅस्टिकची बुबुळं मिळतात. तीन वर्षांच्या आतल्या मुलांजवळ ती नकोत, गिळली तर घशात अडकतात. पंचिंग मशीनमधून पडलेल्या पांढऱ्या टिकल्या घ्या. या ममीचा एक डोळा कपाळावर गेलाय. समोरच्या आईने तो सारखा करायला नख लावलं, मुलाने तिचा हात बाजूला केला. डोळा तिथेच आहे.

सगळं आधीच कापलेलं, नुसतं चिकटवायचं, असे तयार संचही मिळतात. त्यांतली दहा वटवाघळं शेजारी ठेवली तर एकसारखी दिसतात. इथल्या भिंतीवर आता किती प्रकारची लागली आहेत ते बघा.

(भिंतीवरून सरकणारा कॅमेरा)

प्लॅस्टिकच्या सजावटीतली बरीचशी १ नोव्हेंबरला कचऱ्यात जाते.

(दुधाचं रिकामं खोकं)

शेवटची वस्तू पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या मेरी एम्मा ॲलिसन आणि क्लाइड ॲलिसन या दांपत्याच्या पुढाकाराने मुलांनी हॅलोविनच्या रात्री दारोदार फिरून नाणी जमवली, दुधाच्या सजवलेल्या खोक्यांत. जमले सतरा डॉलर, ते गेले युनिसेफकडे, जगभरातल्या मुलांसाठी. पुढे त्यातूनच युनिसेफचा नारिंगी डबा घरोघरी पोचला.

खोकं धुऊन रात्रभर उलटं ठेवा, ओल राहिली तर कागद सुटतो. नारिंगी कागद चारही बाजूंनी गुंडाळा, चेहरा मुलांना हवा तसा. वरची फट मात्र मोठ्यांनी कापायची, पुठ्ठा जाड असतो. नाणं आडवं धरून माप घ्या आणि फट त्याहून थोडी लांबच ठेवा, म्हणजे छोट्या बोटांना नाणं ढकलता येईल.