कावीळ, गर्भारपण आणि घराणं

बारुक ब्लुमबर्ग हा अमेरिकी डॉक्टर काही विषाणू शोधायला निघाला नव्हता. माणसामाणसांच्या रक्तातली प्रथिनं वेगळी का असतात, हा त्याचा विषय. १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्याला एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते एकेका कुटुंबात अनेकांत दिसे, म्हणून आधी त्याला ते आनुवंशिकच वाटलं. निघालं मात्र हिपॅटायटिस बी या यकृताच्या संसर्गाच्या विषाणूचं आवरण! १९७६ साली त्याला नोबेल मिळालं.

तेव्हा 'ही कावीळ आमच्या घराण्यातच आहे' असं कुणाची सासू म्हणाली, तर मी हसत नाही. पण आई आणि तीन मुलं, सगळ्यांना बी, हे बहुतेकदा बाळंतपणातून आलेलं असतं. जन्मताना लागण झालेल्या शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत ती कायमची राहते. धडधाकट मोठ्या माणसांत पाचांहून कमी जणांत. इथे जनुकचाचणीचं काहीच काम नाही. आईचा विषाणूभार, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, मिलिलिटरमागे दोन लाख युनिटांच्या वर असेल तर शेवटच्या तिमाहीत टेनोफोविर हे विषाणूविरोधी औषध, बाळाला चोवीस तासांच्या आत लस, आणि शक्य तितक्या लवकर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी.

मग जनुकं येतात कुठे? येतात, आणि फार चमत्कारिक जागी येतात. सातव्या-आठव्या महिन्यात एखादी बाई सांगते, रात्री तळहात-तळपाय खाजतात, झोप नाही. पुरळ काहीच नाही. घरचे म्हणतात, उष्णता झाली. खरं कारण यकृतात असू शकतं. पित्तात फॉस्फोलिपिड (एक प्रकारची चरबी) सोडणारं एक प्रथिन यकृताच्या पेशीत असतं. त्याचं जनुक एबीसीबी४. त्याची एक प्रत सदोष असली तरी एरवी बाईचं भागून जातं. गरोदरपणात संप्रेरकं चढतात, पित्ताचा निचरा अडखळतो, पित्तातली आम्लं (पित्ताम्लं) रक्तात साचतात आणि खाज सुटते. हिपॅटायटिस सी असलेल्या बायकांत हा त्रास जास्त आढळतो, कधी नेहमीपेक्षा लवकरही सुरू होतो. पित्ताम्लं लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या पुढे गेली की बाळ पोटातच दगावण्याचा धोका ठळकपणे वाढतो; मग छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रसूती करावी लागते. खाज आहे म्हटलं की मी पहिल्यांदा विचारते: आईला, बहिणीला गरोदरपणी असंच झालं होतं का? हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

हिपॅटायटिस सीच्या बाबतीत आणखी एक जनुक, विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉन प्रथिनाचं आयएफएनएल३, २००९मध्ये पुढे आलं. बाळंतपणानंतर काही आयांचा विषाणूभार आपोआप घसरतो, क्वचित विषाणू नाहीसाही होतो. या जनुकाचा 'सीसी' नावाचा प्रकार असलेल्यांत हे जास्त दिसतं. बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पाच-सहा. ती आईच्या या जनुकावर ठरत नाही असंच दिसतं.

गर्भारपणात रक्त गोठण्याच्या जनुकांच्या महागड्या एकत्रित चाचण्या मात्र उठसूट करू नका. त्यातली एमटीएचएफआर या जनुकाची तर नकोच. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनाही तेच सांगतात.

एक चिठ्ठी आली आहे: आईला बी आहे, मुलगी लग्नाची आहे, तिची जनुकं तपासावीत का? नको. रक्तात एचबीएसएजी (विषाणूच्या आवरणाचं तेच प्रथिन) आणि बीविरुद्धच्या अँटिबॉडी तपासा. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर लसीचे तीन डोस पूर्ण करा. तिच्या भावाचीही तपासणी करा. त्याला सगळे विसरतात.