पात्रनिवड कानाने करावी

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो,

माझ्या कादंबरीवर उद्या चित्रपट निघाला तर कोणत्या भूमिकेत कोण असावे, हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला आहे, तितक्या वेळा त्या कादंबरीविषयीचा दुसरा कोणताही प्रश्न विचारला गेलेला नाही. मी तो करमणुकीचा प्रश्न मानत नाही. लेखक आपल्या पात्रासाठी ज्या नटाचे नाव घेतो, त्यावरून त्याने ते पात्र कोणत्या इंद्रियाने लिहिले हे कळते, असे माझे मत आहे. आणि लेखकाने ही निवड डोळ्यांनी न करता कानाने करावी, हे मला आज सकारण मांडायचे आहे. कारणे शेवटी सांगेन, कारण पात्रे कोण आहेत हे आधी नीट समोर आले नाही तर ती कारणे कोरडी वाटतील.

आपल्यापैकी बहुतेकांनी कादंबरी वाचलेली आहे, म्हणून थोडक्यात सांगते. माई एकसष्ट वर्षांची आहे. तिची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक कॉल जोडून देण्यात गेली. गावातली अर्धी माणसे तिने कधी पाहिलेली नाहीत, पण ती सर्वांना आवाजावरून ओळखते; कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे लग्न मोडले, कोणाचा मुलगा पैशांसाठीच फोन करतो, हे तिला ठाऊक आहे आणि तिने ते कधीही कोणाजवळ उच्चारलेले नाही. निवृत्तीनंतर ती जवळजवळ बोलतच नाही. दोनशे चाळीस पानांत तिची तेरा वाक्ये आहेत आणि त्यांतले सर्वांत मोठे सात शब्दांचे आहे. तिचा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे भाऊच म्हणतात, तो मुद्रितशोधक होता; समोरच्याचे वाक्य पूर्ण होण्याआधी त्यातली चूक दुरुस्त करण्याची सवय त्याला आयुष्यभर नडली आहे. शेजारच्या दादासाहेबांना या दोघांचे घर हवे आहे आणि ते मिळवण्यासाठी ते आवाज चढवत नाहीत. चौथा नंदू, बावीस वर्षांचा भाचा. या चौघांवर कादंबरी उभी आहे.

भाऊच्या भूमिकेत मला डॉ. श्रीराम लागू हवे आहेत. ते आज आपल्यात नाहीत, २०१९च्या डिसेंबरमध्ये ते गेले, हे मला माहीत आहे; पण स्वप्नातल्या पात्रनिवडीत तारखा विचारायच्या नसतात, आणि ही सवलत कादंबरीकाराला मिळालेली मोठी देणगी आहे असे मी समजते. डॉक्टर कान, नाक आणि घशाचे तज्ज्ञ होते आणि १९६९ साली ते सोडून पूर्णवेळ अभिनयाकडे वळले. माणसाचा आवाज कुठून निघतो हे ज्याने शल्यचिकित्सक म्हणून पाहिले आहे, त्याच्या शब्दोच्चारात एक विशिष्ट जबाबदारी येते, असे मला त्यांना ऐकताना नेहमी वाटत आले. ते वाक्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचत. आपल्याकडे वाक्याचा शेवट गिळणारे नट पुष्कळ आहेत; भाऊचा नट शेवट गिळणारा असून चालणार नाही, कारण भाऊला क्रियापदावरचा अनुस्वारसुद्धा ऐकवायचा असतो.

दादासाहेबांसाठी निळू फुले. हे नाव ऐकल्यावर सभागृहात जी कुजबुज झाली ती अपेक्षित होती, कारण आपल्याला त्यांचा पाटील आठवतो, त्यांची नजर आठवते आणि खलनायक म्हणून ते या भूमिकेला शोभतील असे वाटते. माझे कारण वेगळे आहे. १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये त्यांनी पत्रकाराची भूमिका केली. तो पत्रकार सर्वांचे ऐकतो, मंत्र्यांचे, कामगारपुढाऱ्यांचे, ज्यांना कोणी ऐकत नाही त्यांचेही. आणि त्या ऐकण्याचा भार त्याला शेवटी पेलवत नाही. खलनायक म्हणून ज्याला प्रेक्षक ओळखत होते, त्याला दिग्दर्शक जब्बार पटेल यांनी ऐकणाऱ्याची भूमिका दिली आणि त्या माणसाचा चेहराच बदलून गेल्यासारखा वाटला. दादासाहेब हा दुष्ट माणूस नाही. तो दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि त्यातला आपल्या उपयोगाचा शब्द तेवढा उचलतो. खालच्या पट्टीत, घाई न करता, समोरच्याला जवळ सरकावे लागेल अशा बेताने बोलणारा आवाज त्याला हवा.

नंदूची जागा मी मोकळी ठेवली आहे. बावीस वर्षांच्या मुलाच्या भूमिकेत आधीच ओळखीचा चेहरा आणला, तर त्याचे पुढे काय होणार ही उत्सुकता पहिल्याच दृश्यात संपते. तिथे कोणी तरी नवा मुलगा यावा, ज्याचे नाव मलाही माहीत नसेल.

आता माईविषयी, आणि इथे मला एक घडलेली हकिकत सविस्तर सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका निर्मितीसंस्थेने या कादंबरीविषयी विचारणा केली. मला बोलावले, सन्मानाने बसवले. दिग्दर्शक म्हणून जो तरुण ठरला होता त्याने कादंबरी मनापासून वाचलेली होती. त्याच्या प्रतीत खुणेच्या चिठ्ठ्या होत्या आणि त्याने विचारलेले पहिले दोन प्रश्न मला आजवर कोणत्याही समीक्षकाने विचारलेले नाहीत. मी आनंदात होते. मग टेबलावर एक जाड संच आला. प्रत्येक पानावर आठ छायाचित्रे, प्रत्येक छायाचित्राखाली नाव, वय, उंची, आधी केलेली कामे. “ताई, माई म्हणून तुमच्या डोळ्यांसमोर कोण होतं?” असे त्याने विचारले. मी म्हणाले, डोळ्यांसमोर कोणीच नव्हते, मला तिचा आवाज येत होता. त्याने समजून मान हलवली आणि संच माझ्याकडे सरकवला.

मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तो चाळला. एकसष्ट वर्षांची एकही स्त्री त्यात नव्हती. सर्वांत मोठे वय होते बेचाळीस. मी विचारले तेव्हा निर्मात्यांच्या वतीने बोलणाऱ्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले की माईचे वय कमी केले आहे, कारण साठीच्या बाईवर चित्रपट उभा राहत नाही. आणि वय कमी केल्यामुळे तिला एक जुना प्रेमसंबंधही देता येतो. मग ती निवृत्त कशी, हे मी विचारले. तिने नोकरी सोडली असे दाखवू, असे उत्तर आले. शेवटी दादासाहेबांसमोर तिचे अडीच पानांचे भाषणही लिहून झाले होते. त्यांनी ते मला वाचून दाखवले. भाषण वाईट नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्याची राखण करत आली, तिला अडीच पाने बोलायला लावणे म्हणजे तिचे एक्स्चेंजमधले सगळे आयुष्य रद्द करणे होते. घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की त्या संचात चेहऱ्याचा, वयाचा, उंचीचा रकाना होता, आवाजाचा नव्हता. ट्रंक कॉल जोडणाऱ्या बाईची भूमिका कोणी करावी हे ठरवताना त्या खोलीत कोणीही, एकदाही, कोणाचाही आवाज ऐकला नाही. मी नकार कळवला. त्या तरुण दिग्दर्शकाचा मला नंतर फोन आला, तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि त्याच्या त्या न बोलण्यामुळे माझा त्याच्यावरचा विश्वास अजून शाबूत आहे.

या प्रसंगाचे मला आजही दुःख आहे. मूळ कथेत बदल केले म्हणून नव्हे. चित्रपट ही वेगळी कला आहे आणि तिने बदल करावेत. चित्रपटाचे हक्क देणाऱ्या लेखकाला नटांच्या निवडीत सहसा शेवटचा शब्द नसतो, फार तर त्याचा सल्ला घेतला जातो, हेही मला मान्य आहे. दुःख याचे आहे की साठीतल्या स्त्रीचा आवाज ऐकण्याजोगा आहे, हे त्या खोलीत मला कोणालाही पटवता आले नाही. आपल्याकडे साठीच्या पुरुषाला चित्रपटाच्या मध्यभागी उभे करायला कोणी कचरत नाही. त्याच वयाच्या बाईला मात्र दारात उभे राहून मुलाची वाट पाहण्याचे काम मिळते. सुलभा देशपांडे यांच्यासारख्या अभिनेत्रीकडे पाहा. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या बेणारेबाईंची भूमिका रंगभूमीवर आणि १९७१च्या चित्रपटात त्यांनी ज्या ताकदीने उभी केली, ती ताकद वयाबरोबर कमी झाली नव्हती. कमी झाली ती लिहिणाऱ्यांची आणि पैसे लावणाऱ्यांची कल्पनाशक्ती.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. म्हणजे ज्या कारणांचे मी आश्वासन दिले होते ती आता भराभर सांगावी लागतील.

पहिले कारण असे की चेहऱ्याच्या बाबतीत लेखकाचा अंदाज फसतो, आणि थोर लेखकांचाही फसलेला आहे. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांना आपल्या फिलिप मार्लो या गुप्तहेरासाठी कॅरी ग्रँट हा नट मनाजोगता वाटत होता, हे त्यांनी १९५१च्या एका पत्रात लिहिले आहे. पण १९४६ साली तीच भूमिका हम्फ्री बोगार्ट यांनी केली तेव्हा चँडलर यांनी त्यांची जी वाखाणणी केली ती रूपाची नव्हती. हातात पिस्तूल नसतानाही हा माणूस कणखर वाटतो आणि त्याच्या विनोदाला तुच्छतेची खरखर आहे, असा तिचा आशय होता. खरखर हा शब्द कानाचा आहे. अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटी यांना ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’मधल्या आपल्या नायिकेसाठी मेरिलिन मन्रो हवी होती. १९६१च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्न आली आणि त्यांची नाराजी कायम राहिली, प्रेक्षकांना मात्र आज दुसरे कोणी सुचत नाही.

दुसरे कारण: ओळखीचा चेहरा आपल्या आधीच्या भूमिका बरोबर घेऊन येतो. स्टीफन किंग यांच्या ‘द शायनिंग’ या भयकादंबरीवरच्या १९८०च्या चित्रपटात जॅक निकल्सन आले, तेव्हा किंग यांचा आक्षेप हाच होता. कादंबरीतला माणूस हळूहळू वेडाकडे जातो. निकल्सन यांना वेड्यांच्या इस्पितळातल्या भूमिकेत आधीच पाहिलेला प्रेक्षक पहिल्या दृश्यातच त्याचा शेवट ओळखतो. तो आक्षेप मला पूर्ण पटतो. आता कोणी विचारेल, मग निळूभाऊंचे काय, त्यांच्या चेहऱ्याबरोबर पाटील येणार नाही का? येईल. म्हणूनच मी त्यांची निवड आवाजावर केली, कारण पाटलाची भीती घेऊन बसलेल्या प्रेक्षकाला तो मृदू स्वर हळूहळू आपल्या बाजूला वळवील, आणि दादासाहेब नेमके हेच करतात. याउलट ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’च्या लेखिका ॲन राइस यांनी आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटासाठी झालेल्या टॉम क्रूझ यांच्या निवडीला जाहीर विरोध केला, १९९४ साली चित्रपट पाहिल्यावर तो तितक्याच जाहीरपणे मागे घेतला, आणि मला त्या मागे घेण्याविषयी फार आदर आहे. लेखकाला विरोध करण्याचा हक्क आहे, पण चित्रपट पाहिल्यावर ऐकण्याचे कर्तव्यही आहे.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चेहरा एकदा बसला की तो लेखकाच्या मनातली जागाही घेतो. सत्यजित राय यांनी फेलूदा या आपल्या गुप्तहेराच्या कथांमधल्या जटायूची, म्हणजे फेलूदाच्या लेखक मित्राची, चित्रे स्वतः काढली होती. १९७४च्या चित्रपटात संतोष दत्त यांनी जटायू साकारला, आणि त्यानंतर राय यांच्या रेखाटनांतला जटायू संतोष दत्त यांच्यासारखा दिसू लागला. लेखक, चित्रकार आणि दिग्दर्शक एकच असतानाही नटाचा चेहरा मूळ रेखाटनाहून बलवान ठरला. राय यांच्या बाबतीत ते भाग्याचे झाले. इतरांच्या बाबतीत ती भरपाई न होणारी हानी असू शकते, कारण वाचकाने आपल्या ओळखीतल्या कोणाचा तरी चेहरा पात्राला दिलेला असतो आणि तो आपण पुसतो. आवाजाचे तसे होत नाही. आवाज वाक्यांतच असतो, विरामचिन्हांत असतो. नट तो आपल्या पदरचा आणत नाही, पानावरून उचलतो. म्हणून लेखकाने नटाचे नाव घेण्याआधी आपले पान त्या नटाच्या आवाजात मोठ्याने वाचून पाहावे. वाक्य अडखळले, तर एक तर नट चुकला आहे किंवा वाक्य. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा वाक्य चुकलेले निघाले, आणि मी ते बदलले.

माई राहिली. माईसाठी मला स्मिता पाटील हव्या आहेत, एकसष्ट वर्षांच्या. त्यांचा जन्म १९५५चा, मृत्यू १९८६चा. त्या एकतिसाव्या वर्षी गेल्या, आणि एकसष्टाव्या वर्षी त्या कशा दिसल्या असत्या हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून तिथे चेहरा नाही, त्यांचा आवाज आहे. चित्रपटात येण्याआधी त्या मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असत; ‘उंबरठा’मध्ये त्यांनी कित्येक प्रसंग कमी शब्दांवर आणि एका सरळ, न थरथरणाऱ्या स्वरावर तोलून धरले. तो स्वर तीस वर्षांनी किती खाली उतरला असता, त्यात किती पोत आला असता, याचा अंदाज घेत मी माईची तेरा वाक्ये लिहिली. शेवटच्या प्रकरणात रात्री फोन वाजतो. माई उचलते. पलीकडून कोणी बोलत नाही, फक्त श्वास येतो, आणि तो कोणाचा आहे हे तिला लगेच कळते. ती खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, “बोला. लाइन मोकळी आहे.”

मी हे वाक्य अकरा वेळा लिहिले. पहिल्या दहा वेळा त्यात आणखी शब्द होते.