लडलो: बाजार, किल्ला आणि क्लाइव्हचा हप्ता

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'लडलोचा बाजार कसा पाहावा'. मी विषय सोडणार नाही असं अध्यक्षांना कबूल केलंय. ते हसले, कारण त्यांनी मला आधीही ऐकलंय.

लडलो हे इंग्लंडच्या पश्चिम कडेचं, वेल्सच्या हद्दीलगतचं श्रॉपशरमधलं छोटं गाव. टीम नदीकाठी टेकडी, टेकडीवर किल्ला आणि किल्ल्याच्या दारात बाजार. आपले लोक तिथे गेले की बाजार ओलांडून थेट किल्ल्यात घुसतात. मराठी माणसाला बुरूज दिसला की पायांना कोण आवरणार? किल्ला आहेही तसा. अकराव्या शतकाच्या अखेरीस दे लेसी घराण्याने बांधायला घेतलेला, आत गोल घडणीचं प्रार्थनामंदिर. युवराज आर्थर 1502 मध्ये इथेच वारला. त्याची विधवा कॅथरीन पुढे धाकट्या दिराची, म्हणजे आठव्या हेन्रीची, राणी झाली. त्यानंतरचा गोंधळ तुम्हाला माहीत आहे.

पण हा किल्ला पुढे कोणी घेतला, हे कोणी विचारत नाही. 1811 मध्ये राजसत्तेकडून 1,560 पौंडांना तो विकत घेतला एडवर्ड क्लाइव्हने. हो, प्लासीवाल्या त्याच रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा! 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा हे चिरंजीव मद्रासचे गव्हर्नर होते.

आता चिरंजीवांचा विषय निघालाच आहे, तर तीर्थरूपांबद्दल दोन शब्द. (अध्यक्ष, दोनच.) रॉबर्ट क्लाइव्ह 1725 मध्ये याच श्रॉपशरमध्ये, मार्केट ड्रेटनजवळ जन्मला. तेही बाजाराचंच गाव, 1245 ची सनद, बुधवारचा बाजार. तिथे सांगतात की पोरगा चर्चच्या मनोऱ्यावर चढून दगडी राक्षसाच्या तोंडावर बसायचा, आणि टोळी जमवून दुकानदारांकडून हप्ता घ्यायचा. पैसे द्या, नाहीतर काचा फुटतील. खरंखोटं तिथले लोक जाणोत, पण माणसाची पुढची कारकीर्द पाहता मला तरी शंका घ्यावीशी वाटत नाही. (हशा.)

हसताय, पण हप्ता आपणही भरलाय. फेब्रुवारी 1756, विजयदुर्ग. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्रे नको झाले होते, म्हणून इंग्रजांना हाताशी धरलं. समुद्रावर इंग्रजांचा ॲडमिरल वॉटसन, जमिनीवर क्लाइव्ह. तोफांच्या माऱ्यात आग लागली आणि आंग्र्यांचं आरमार जळालं. मराठी आरमार, मराठी बंदरात, मराठी राज्यकर्त्याच्या आमंत्रणावरून! किल्ल्यात सुमारे दहा लाखांची लूट मिळाली. तिची वाटणी या साहेबांनी मुंबईहून निघण्याआधीच आपसात ठरवून टाकली होती आणि तीत पेशव्यांचा वाटा नव्हता. शिवाय किल्लाही लगेच सोडला नाही. ऑक्टोबरच्या तहात बाणकोट देऊन विजयदुर्ग मिळवावा लागला. पुढच्या वर्षी प्लासी झाली, पण तालीम आपल्याकडे झाली होती, आणि आपले इतिहासकार अजून यावर इतक्या हळू आवाजात का बोलतात हे मला...

चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. बरं, बाजार.

लडलो हे नॉर्मनांनी आखून वसवलेलं गाव. किल्ल्याच्या दारापासून पूर्वेला बुल रिंगपर्यंत मूळचा बाजार म्हणजे एकच रुंद पट्टा. आज मात्र तिथे किंग स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट, हार्प लेन, चर्च स्ट्रीट अशा अंग चोरून चालाव्या लागणाऱ्या गल्ल्या आहेत. का? अतिक्रमण! आज पाल ठोकलं, उद्या फळी टाकली, परवा छप्पर आलं, नातवाने वर मजला चढवला. बाजाराच्या मधोमध घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. तुळशीबागेत हे तुम्ही रोज बघता; लडलोत त्याचे फोटो काढता, कारण तिथे ते काही शतकं जुनं आहे. मी अतिक्रमणाची बाजू घेत नाही, नगरसेवक बसलेत समोर. एवढंच म्हणतो की गावाचा इतिहास किल्ल्यापेक्षा या आक्रसलेल्या रस्त्यांत जास्त कळतो.

उलटं उदाहरणही तिथेच आहे. उरलेल्या मोकळ्या चौकात 1887 मध्ये लाल विटांचं टाउन हॉल बांधलं, 1986 मध्ये पाडलं, आणि बाजार पुन्हा उघड्यावर आला. ब्रॉड स्ट्रीटच्या माथ्यावर 1740 च्या दशकातलं बटरक्रॉस आहे, खालच्या कमानींत लोणी विकायचे. बुल रिंगवर फेदर्स हॉटेलचा 1619 चा नक्षीदार लाकडी दर्शनी भाग आहे. हे सगळं दोन मिनिटांत उरकतोय याचं वाईट वाटतं, पण दोष क्लाइव्हचा.

जाणार असाल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार गाठा, त्या दिवशी बाजार भरतो. स्टेशनवरून कॉर्व्ह स्ट्रीटचा चढ चढून आधी बुल रिंगला या, मग किंग स्ट्रीटमधून पश्चिमेकडे चाला. गल्ल्या संपून चौक मोकळा झाला की समोर किल्ला दिसेल. तिकीट काढण्याआधी चौकातल्या पालांवरून एक फेरी मारा.