पाचव्या लेव्हलची किंमत

नमस्कार. आज बोलायचंय ते मल्टिक्लासबद्दल, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका-खेळात एकाच कॅरेक्टरनं दोन क्लास, म्हणजे दोन पेशे, शिकण्याबद्दल. सुरुवात एका संध्याकाळपासून करतो.

माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर आमचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी एक गोष्ट, चालू होतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या कॅरेक्टरांची टोळी, नुकतीच पाचव्या लेव्हलला पोचली होती. खेळणाऱ्यांपैकी एका मैत्रिणीचं कॅरेक्टर होतं फायटर दोन, विझर्ड तीन, म्हणजे योद्ध्याच्या दोन लेव्हल आणि जादूगाराच्या तीन. चिलखत घालून मंत्र टाकणारी योद्धी तिला हवी होती आणि त्या योद्धीचं बालपण, गाव, गुरू असं सगळं तिनं वहीत लिहून आणलं होतं.

लढाई लागली. पार्टीतल्या शुद्ध विझर्डनं पहिल्यांदाच फायरबॉल हा मंत्र टाकला. त्याला सहा बाजूंचे आठ फासे लागतात, याच्याकडे होते चार. मग त्यानं सगळ्यांकडून गोळा केले, ओंजळीत खुळखुळवले आणि टेबलभर सोडले. पॅलडिननं, म्हणजे धर्मयोद्ध्यानं, एकाच पाळीत तलवारीचे दोन वार केले. मग हिची पाळी आली. हिनं वीस बाजूंचा एक फासा टाकला. सात पडले. ‘चुकला,’ ती म्हणाली आणि पुढच्याकडे बघायला लागली. त्या रात्री दोन तास असंच चाललं. निघताना ती चपला घालत म्हणाली, ‘माझं कॅरेक्टर काही करतच नाही रे.’

तिनं एकही नियम मोडला नव्हता. चुकलो होतो मी, कारण दोन आणि तीन पाच, हा हिशेब मी डोळे झाकून मान्य केला होता.

या खेळात सगळ्या लेव्हल एका किमतीच्या नसतात. पहिल्या लेव्हलला क्लासची ओळख मिळते: चिलखत, शस्त्रं, मंत्रांची वही. चौथ्या लेव्हलला ताकद किंवा बुद्धीसारखा एखादा गुण वाढवता येतो. आणि पाचवी लेव्हल म्हणजे उंबरठा. फायटरला दुसरा वार मिळतो, विझर्डला तिसऱ्या लेव्हलचे स्पेल, म्हणजे फायरबॉलसारखे मंत्र. एका रात्रीत मारा जवळजवळ दुप्पट होतो. मात्र हे सगळं क्लासच्या लेव्हलवर मिळतं, एकूण लेव्हलवर नाही. तिच्याकडे पाच लेव्हल होत्या, पण चौथी आणि पाचवी ती कुठल्याच क्लासमध्ये पोचली नव्हती. दुसरा वार नाही, फायरबॉल नाही, वाढलेली बुद्धीही नाही. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून शत्रू मात्र मी पाचव्या लेव्हलच्या पार्टीला झेपतील असे निवडले होते.

हा घोळ जुना आहे. १९७४च्या मूळ खेळात एल्फ या जमातीच्या कॅरेक्टरला दोन मोहिमांच्या मधे योद्धा आणि जादूगार यांत अदलाबदल करता यायची. १९७८च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमांत खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, गॅरी गायगॅक्स यांनी दोन वाटा केल्या. एल्फ, ड्वार्फ अशा मंडळींना एकाच वेळी दोन-तीन क्लास चालवता येत आणि मिळालेले अनुभवाचे गुण त्यांच्यात समान वाटले जात. माणसांना ती सोय नव्हती. त्यांनी जुना क्लास सोडून नवा धरायचा, आणि नव्यात जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरली तर त्या मोहिमेच्या अनुभवावर पाणी सोडायचं.

समान वाटणी ऐकायला न्याय्य वाटते. पण १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीचे तक्ते बघा. फायटरला सातव्या लेव्हलसाठी ६४,००० गुण लागतात, सहाव्यासाठी ३२,०००. म्हणजे ६४,००० गुणांवर साधा फायटर सातव्या लेव्हलला असतो, आणि तेवढेच गुण निम्मे-निम्मे वाटणारा एल्फ फायटर सहा, विझर्ड पाच. फायटरची एक लेव्हल मागे राहिली आणि बदल्यात पाच लेव्हलचा विझर्ड हाती आला! प्रत्येक लेव्हलचा खर्च दुपटीनं वाढत असेल, तर निम्मा खर्च करणारा एकच पायरी मागे राहतो. हा फायदा कमी करायला एल्फ-ड्वार्फांच्या लेव्हलवर कमाल मर्यादा होती, पण बहुतेक कॅम्पेन तिथवर पोचायच्या आत संपतात. न आलेल्या दिवसाची शिक्षा कुणाला लागत नाही.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीनं हे उलटं केलं. लेव्हल वाढली की ती कुठल्याही क्लासमध्ये घाला, सगळ्यांना मोकळीक. फायटर पाच, विझर्ड पाच झालात की दहाव्या लेव्हलच्या पार्टीत तुमचे मंत्र तिसऱ्या लेव्हलचे, शुद्ध विझर्डचे पाचव्या. वार करायचा बोनस सात, शुद्ध फायटरचा दहा. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण जणू या कॅरेक्टरसाठीच आहे. त्याच नियमांत दुसरीकडे लोक रेंजर या क्लासची एकच लेव्हल घेऊन दोन शस्त्रांनी लढायची हातोटी पदरात पाडून घ्यायचे आणि रेंजरला रामराम करायचे. २००३च्या सुधारित नियमांत ती हातोटी दुसऱ्या लेव्हलवर ढकलावी लागली.

पाचव्या आवृत्तीनं डोकं लावून दुरुस्त्या केल्या, हे मान्य करायला हवं. प्रावीण्याचा बोनस, म्हणजे सराव असलेल्या गोष्टींत फाशात मिळवायचा आकडा, एकूण लेव्हलवर मोजला. स्पेल-स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या मोजक्या संधी, एकत्र केले: क्लेरिक (पुजारी) पाच, विझर्ड पाच असाल तर स्लॉट दहाव्या लेव्हलच्या विझर्डइतके, फक्त त्यात भरायला तिसऱ्या लेव्हलपर्यंतचेच स्पेल. मला ही तडजोड आवडते, कारण हातात काहीतरी उरतं.

पण त्यातही एक भोक राहिलंच. वॉरलॉक या जादू करणाऱ्या क्लासचा एल्ड्रिच ब्लास्ट हा मंत्र घ्या. त्याचे किरण एकूण लेव्हलवर वाढतात: पाचव्याला दोन, अकराव्याला तीन, सतराव्याला चार. वॉरलॉकच्या दोन लेव्हल घेतल्या की प्रत्येक किरणामागे करिश्मा या गुणाचा बोनसही मिळवता येतो. म्हणजे वॉरलॉक दोन, सॉर्सरर (हाही जादू करणारा क्लास) पंधरा असा माणूस सतराव्या लेव्हलला चार किरण सोडतो. आणि इमानदारीत फायटरच राहिलेल्याला चौथा वार कधी मिळतो? विसाव्या लेव्हलला. आयत्या बिळावर नागोबा. या जोडीचा राग मला सॉर्सररमुळे येत नाही. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वर्षभर एकच क्लास निष्ठेनं वाढवणारा कुणीतरी बसलेला असतो, त्याच्यामुळे येतो.

२०२४च्या नियमांत सगळ्यांचे सबक्लास, म्हणजे क्लासमधल्या खास शाखा, तिसऱ्या लेव्हलला नेले, आणि फायटरच्या अ‍ॅक्शन सर्जमधून मिळणाऱ्या जादा कृतीत स्पेल टाकणं बंद केलं. दोन्ही बदलांचं मी स्वागत करतो. एका-दोन लेव्हलपुरतं डोकावून जाणाऱ्याला आता कमी मिळतं. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या आवृत्तीचा मार्ग तर आणखी सरळ आहे: मूळ क्लास विसाव्या लेव्हलपर्यंत वाढतच राहतो, दुसऱ्या क्लासमधलं जे हवं ते फीट, म्हणजे लेव्हलगणिक निवडायची खास कौशल्यं, खर्चून घ्यायचं. त्यात उंबरठा चुकत नाही. पण खरंखुरं आयुष्य बदललेलं कॅरेक्टर, तलवार टाकून मठात गेलेला सैनिक, त्यात तितकासा उतरत नाही, आणि मल्टिक्लास मला प्रिय आहे तो त्या सैनिकासाठीच.

म्हणून मी बंदी घालत नाही. मी एक कागद देतो. त्यावर एक ते दहा अशा दहा ओळी. प्रत्येक ओळीपुढे लिहायचं: ‘या लेव्हलला माझी पाळी आली की मी काय करणार?’ एकूण नुकसान किती, ते नको. काय करणार, तेवढंच. लागोपाठ दोन ओळींपुढे नवं काहीच सुचलं नाही, तर क्रम बदलायचा. क्रमाला फार महत्त्व आहे. फायटरपासून सुरुवात केली तर जड चिलखत मिळतं, नंतर फायटर झालात तर नाही. आधी एका क्लासचा पाचवा उंबरठा ओलांडला आणि मग वळलात, तर हातात दोन वार घेऊन वळता. आणि तोच कागद टेबलावरच्या इतरांच्या कागदांशेजारी ठेवून बघायचा. दुसऱ्या कुणाची ओळ यानं खाल्ली नाही ना?

मैत्रिणीला पुढच्या आठवड्यात मी तो कागद दिला आणि कॅरेक्टर नव्यानं बांधायची मुभा दिली. वहीतल्या कथेला धक्का लागला नाही, फक्त गुरू तिला उशिरा भेटला. तिनं पाचपर्यंत फायटर घेतला, पुढे विझर्ड. पाचव्या ओळीपुढे लिहिलं, ‘दोन वार’. सहाव्यापुढे, ‘वार अंगावर आला की शील्ड मंत्र’. आठव्यापुढे, ‘मिस्टी स्टेप मंत्रानं त्यांच्या मागे’. नवव्यापुढे, ‘बुद्धी वाढवणार’. दहाव्या ओळीपुढे तिनं ‘फायरबॉल’ लिहिलं आणि कंसात, ‘फासे मी स्वतःचे आणीन’.